काकांच्या टाचण्या

रविवारी सकाळी चेंडू मोजायला बसण्याआधी काका टाय बांधत. बाहेर कुठे जायचं नसे, कोणी येणारही नसे. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, कुठे निघालात?" तर गाठ वर सारत म्हणाले, "इन्स्पेक्शनला," आणि स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून बसले.

टेबलावर सगळं आधीच मांडलेलं असे. पांढरं कापड, त्यावर सूक्ष्म माप घ्यायचं व्हर्नियर कॅलिपर, कॅल्क्युलेटर, रंगीत डोक्यांच्या टाचण्या, सोनेरी जरीच्या धाग्याचं रीळ, आणि मधे एका वाटीत गडद दोऱ्याने गुंडाळलेला, मोठ्या संत्र्याएवढा चेंडू. या चेंडूला तेमारी म्हणतात. जपानी बायका जुन्या कापडाचा गोळा करतात, त्यावर दोरा गुंडाळतात आणि मग रेशमी धाग्यांनी त्यावर फुलं, चांदण्या भरतात. पण भरणं नंतरचं. आधी चेंडू भागावा लागतो. वर एक टाचणी, तो उत्तर ध्रुव. बरोबर तिच्या समोर खाली एक, तो दक्षिण ध्रुव. मधोमध कमरेभोवती टाचण्यांची रांग. मग या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत जरीचे धागे ओढायचे, म्हणजे चेंडू संत्र्याच्या फोडींसारखा दिसायला लागतो. पुढचा प्रत्येक टाका या रेघांच्या आधाराने पडतो. रेघ हलली की फूल हललं.

काका फक्त भागायचे. टाका त्यांनी आयुष्यात घातला नव्हता. टाके काकू घालायच्या, आणि काकू मी त्या घरात राहायला गेले त्याच्या आदल्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. टीव्हीसमोर बसून त्यांनी टोपलीभर चेंडू गुंडाळून ठेवले होते. त्यातला एकेक काका दर रविवारी काढायचे, भागायचे, आणि जिन्याखालच्या कपाटात ठेवून द्यायचे. मी हूव्हर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, काढायला दार उघडलं की सोनेरी रेघा मारलेला एखादा चेंडू माझ्या पायाशी येऊन थांबायचा. त्यावर फूल नाही, काही नाही. मी तो उचलून परत आत ठेवायची आणि दार हळू लावायची.

मूलबाळ नव्हतं. काका सांगलीकडचे. तरुणपणीच इंजिनिअर म्हणून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कारखान्यात तपासणी विभागात राहिले. बाकीच्यांनी केलेल्या गोष्टी बरोबर आहेत की नाहीत हे पाहणं हेच त्यांचं काम होतं, आणि कारखाना बंद पडल्यावरही त्यांनी ते सोडलं नव्हतं. भाजीच्या दुकानातला गुजराती माणूस "अंकल, अंदाजे एक किलो आहे" म्हणाला की काका पिशवी काउंटरवर परत ठेवत. "अंदाजे तू खा. मला एक किलो दे."

माझी मुलाखतही तशीच झाली होती. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीची माहिती वाचून मी गेले, तर त्यांनी मला घरचे कोण, काय करतात, काहीच विचारलं नाही.

"अंघोळीला किती वेळ लागतो?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"दहा की पंधरा?"

"...दहा."

"मग पंधरा कशाला म्हणालीस?"

मला तेव्हाच परत जावंसं वाटलं होतं. पण बाहेर पाऊस होता, चार वाजताच काळोख झाला होता आणि हातातली बॅग जड होती. मी राहिले. पुढे नोकरी बदलून मँचेस्टरला येईपर्यंत मी तिथेच राहिले, आणि याचं मला अजून थोडं नवल वाटतं. कारण ते घर काही राहावंसं वाटण्यासारखं नव्हतं. हीटिंग इतकं कमी ठेवलेलं, की सकाळी खिडकीच्या काचेच्या आतल्या बाजूने पाणी ओघळायचं. हॉलमध्ये काकूंचा कोट तसाच अडकवलेला. काका त्यांच्याबद्दल "ही" असं म्हणत, बाजूच्या खोलीत काहीतरी शोधत असल्यासारखं. "हिला हे सीरियल आवडत नाही," असं म्हणून चॅनेल बदलत. मला तशीही फार बोलायची सवय नाही, आणि अशा वेळी काय बोलतात ते मला मराठीत येत नव्हतं. खरं तर इंग्रजीतही येत नव्हतं.

मला ते "भाडेकरू" म्हणत. "काय भाडेकरू, उठलात का?" रविवारी मी चहा करायला खाली आले की मला समोर बसवून आकडे लिहायला लावत.

"एकोणऐंशी पॉइंट चार. लिही."

मी पेन कागदाला टेकवून थांबले.

"काय झालं?"

"एकोणऐंशी म्हणजे... एटी नाइन?"

"सेव्हन्टी नाइन! ठाण्याच्या शाळेत तुम्हाला काय नुसतं गुड मॉर्निंग टीचर शिकवलं?"

मग ते त्या व्यासाला π ने गुणत, चेंडूचा परीघ काढत, त्याचे भाग करत आणि व्हर्नियर उघडून, श्वास रोखून टाचणी टोचत. टाचणी टोचताना त्यांचा चेहरा फार मऊ व्हायचा. दुसऱ्या कुठल्याच वेळी मी तो तसा पाहिला नाही. मी मान खाली घालून आकडा गिरवत राहायची.

चेंडूंचं हे वेड घरात आलं ते शेजारच्या जपानी बाईंमुळे. नवऱ्याच्या नोकरीसाठी त्या काही वर्षं इथे होत्या. त्यांनी काकूंना शिकवलं, तेव्हा मापाला साधी कागदाची पट्टी वापरली. पट्टी चेंडूभोवती गुंडाळायची, जिथे टोकं भेटतात तिथे कापायची, दुमडून निम्मी करायची, की झाला दक्षिण ध्रुव. पुन्हा दुमडली की कंबर. काका दारात उभे राहून पाहत होते.

"कागदाने माप?" हा प्रसंग सांगतानाही त्यांचा आवाज चढायचा. "कागद! जो ओल्या हवेत फुगतो! मी चेंडू काढून घेतला हिच्या हातातून. म्हटलं, हे तू माझ्याकडे दे. तू फक्त शिव. त्या दिवसापासून भागणं माझं."

"मग काकू काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? हसली. ती जपानीण पण हसली."

बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात काकूंनी भरलेले चेंडू होते. मला कलेतलं फारसं कळत नाही, पण ते बघून मी पहिल्यांदा हात मागे घेतला होता. कमळाच्या पाकळ्या वरून खाली येत होत्या, खालच्या पाकळ्या वर, आणि मधल्या रेषेवर त्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कुठेही केसाएवढी फट नव्हती. काका मागे येऊन उभे राहिले. "टाके हिचे," म्हणाले. "पण उभं माझ्या मापावर आहे. माप चुकलं असतं तर हे जुळलं असतं का?"

त्या हिवाळ्याच्या शेवटी पॅम आली. लायब्ररीत दर मंगळवारी भरतकाम करणाऱ्या बायका जमत, त्यात काकू कित्येक वर्षं जायच्या. पॅम त्यातली सगळ्यात जुनी. जाड, दम लागणारी, सगळ्यांना "लव्ह" म्हणणारी. बायकांनी ठरवलं होतं, की वसंतात लायब्ररीत काकूंच्या चेंडूंचं प्रदर्शन मांडायचं. चेंडू द्याल का, असं ती विचारायला आली होती.

काकांनी दोन अटी घातल्या. प्रत्येक चेंडूखालच्या चिठ्ठीवर दोघांची नावं हवीत, भागणाऱ्याचं आणि भरणारीचं. आणि मधोमध हिचा शेवटचा चेंडू ठेवायचा.

पॅमने त्यांच्याकडे पाहिलं, मग चहाच्या कपात पाहिलं. "ऑफ कोर्स, लव्ह," म्हणाली.

तो शेवटचा चेंडू मला काकांनी त्या दिवशी दाखवला. गडद निळा. काकूंनी गुंडाळला आणि त्यानंतर त्या हॉस्पिटलमध्ये गेल्या. काका व्हर्नियर आणि टाचण्या घेऊन वॉर्डात बसले आणि त्यांनी तो पलंगाजवळच भागला. नर्स टाचण्या पाहून ओरडली, त्यांनी ऐकलं नाही.

"पुरा करून हिच्या हातात दिला. हिने फिरवून फिरवून पाहिला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, छान झालाय, घरी गेले की सुरू करते."

त्यांनी चेंडू माझ्यासमोर ठेवला. "तुला टाका येतो ना? कॉन्व्हेंटमध्ये शिकवतात."

"हेरिंगबोन येतो. थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"येतो," मी म्हणाले.

"त्या लायब्ररीतल्या बायकांना द्यायचा नाही मला. त्या सगळं अंदाजाने करतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधे हा असला पाहिजे. नाहीतर लोकांना काय कळणार, मी पण होतो म्हणून."

नाही म्हणणं मला कुणालाच जमत नाही. त्यांना तर नाहीच जमलं.

ऑफिसातून आल्यावर मी रोज थोडं थोडं शिवायला लागले. काकूंचं एक साधं, आठ पाकळ्यांचं फूल समोर ठेवलं होतं. ध्रुवाजवळ एक टाका, पुढच्या रेघेवर खाली कमरेजवळ एक, पुन्हा वर. वरची बाजू बरी झाली. खालची सुरू केली आणि पाकळ्या कमरेपाशी येऊन पोहोचल्या, तेव्हा गडबड दिसली. एका बाजूला वरच्या आणि खालच्या पाकळ्या एकमेकींवर चढत होत्या. दुसऱ्या बाजूला त्यांच्यामधे बोटभर निळा दोरा उघडा. मी उसवलं. धागा कमी ओढला, पुन्हा घातलं. तसंच.

काका भिंग घेऊन बसले. "हात चुकतोय तुझा."

"मी रेघेवरच घातलेत टाके."

"रेघेवर घातले असतेस तर जुळले असते. उसव."

मी उसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "उसव." त्यांचं बोलणं तसं कधीच गोड नव्हतं, पण आता त्यात घाबरल्यासारखं काहीतरी यायला लागलं होतं. "हिच्या हातून कधी असं झालं नाही. इतक्या वर्षांत एकदासुद्धा नाही. तुला लक्ष लागत नाहीये." मी वर जाऊन दार लावून बसायची. बोटांना सुईने भोकं पडली होती. मला रडू येत नसे, पण जेवणही जात नसे.

शेवटी मंगळवारी ऑफिसातून लवकर निघाले आणि चेंडू घेऊन लायब्ररीत गेले. पॅमला दाखवला. तिने तो हातात घेतला, एकदा फिरवला आणि हसली. वाईट हसली नाही. ओळखीचं काहीतरी दिसलं की माणूस हसतो तसं.

"अगं, या त्याच्या टाचण्या आहेत," ती म्हणाली. "त्याच्या टाचण्यांवर तू शिवायला कुठे बसलीस?"

बाजूच्या दोघी वाकून बघायला लागल्या आणि त्याही हसल्या. मग पॅमने सांगितलं. काकू मंगळवारी यायच्या त्या काकांनी भागलेला चेंडू घेऊन. कोट काढायच्या, चहा घ्यायच्या, पिशवीतून कागदाची पट्टी काढायच्या. "चला, आधी नवऱ्याला काढू या," असं म्हणायच्या, आणि सगळ्या टाचण्या, सगळे जरीचे धागे उपटून पुन्हा पहिल्यापासून भागायच्या. दर वेळी. सगळ्या बायकांचा तो ठरलेला विनोद होता.

"पण ते इतकं काटेकोर मोजतात," मी म्हणाले.

"मोजतो गं. पण चेंडू कुठे काटेकोर आहे?" पॅमने तो माझ्या तळहातावर दाबला. "आत त्याचेच जुने मोजे आहेत. हाताने गुंडाळलेला. इथे फुगलाय, इथे चपटा. तो एका जागी माप घेतो आणि बाकीचा चेंडू गोल आहे असं धरून चालतो. पट्टी मात्र जसा आहे तसा चेंडूभोवती फिरते. तीही एकदा नाही, चारही बाजूंनी फिरवायची. मग उरलेलं डोळ्याने."

"काकूंनी त्यांना कधीच सांगितलं नाही?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, रविवारी सकाळी तो टाय बांधून माझ्यासमोर बसतो." पॅमचं हसू आता राहिलं नव्हतं. "दे, मी भागून देते पुन्हा. त्याला कळणारही नाही. तिने तरी त्याला कुठे कळू दिलं?"

तिने पट्टी काढली होती. मी चेंडू परत घेतला. का घेतला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. "बघते," एवढंच म्हणून निघाले. बसमध्ये तो पूर्ण वेळ मांडीवर होता. दोन्ही हातांनी धरला होता.

घरी काका वाट बघत होते. स्वयंपाकघरात अंधार होता, दिवा लावला नव्हता.

"दाखव."

मी दिला. त्यांनी ती उघडी बाजू पाहिली.

"झालं का पुन्हा तेच! तुझ्या हाताला कंप आहे का गं?"

एका वाक्यात मी सुटले असते. ते वाक्य माझ्याकडे होतं, मराठीत तयार होतं.

"बोल ना! नुसती उभी राहते खांबासारखी. आण तो कागद, आण. तुमच्या त्या बायकी पद्धतीनेच दाखवतो तुला, माप कुठे आहे आणि तू कुठे आहेस ते."

मी आणला नाही. त्यांनीच उठून पाकिटाचा कागद फाडला, कात्रीने सरळ पट्टी कापली. वरच्या टाचणीपासून सुरू करून चेंडूभोवती गुंडाळली, टोक कापलं, निम्म्यात दुमडली. घडी जिथे यायला हवी होती तिथे खालची टाचणी नव्हती. ती बाजूला होती, चांगली दिसेल इतकी बाजूला. त्यांनी पट्टी सोडली, दुसऱ्या बाजूने गुंडाळली. मग तिसऱ्या. मग कमरेवरच्या टाचण्या पाहिल्या.

मग ते उठून बैठकीच्या खोलीत गेले आणि काचेच्या कपाटातला काकूंचा एक चेंडू घेऊन आले. त्यावर पट्टी लावली. घडी ध्रुवावर बसली. दुसरा आणला. बसली.

मी अजून दाराशीच उभी होते.

"तू लायब्ररीत गेली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"हिला माहीत होतं."

ते विचारत नव्हते. तरी मी म्हणाले, "हो."

"ती बदलायची."

"हो."

त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. "त्या हसायच्या का सगळ्या?"

"नाही," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इतकं कमी बोलतेस ना," ते म्हणाले, "की खोटं बोललीस की लगेच ऐकू येतं."

त्यानंतरच्या रविवारी मी खाली आले तेव्हा टेबल रिकामं होतं. काका खुर्चीत बसले होते, शर्टाचं वरचं बटण उघडं. व्हर्नियर कुठे गेलं मला माहीत नाही. त्या दिवसांत ते मला भाडेकरू म्हणाले नाहीत. आम्ही दोघं एकमेकांना चुकवत राहिलो. मी अंघोळीला मुद्दाम जास्त वेळ लावून पाहिला. त्यांनी काही म्हटलं नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

एकदा संध्याकाळी मी डाळ गरम करत होते. ते आले आणि निळा चेंडू ओट्यावर ठेवला. टाचण्या तशाच होत्या, जरीचे धागेही तसेच.

"हा पुरा करायचा."

"पॅम म्हणाली, ती पुन्हा भागून देईल," मी म्हणाले.

"पुन्हा नाही. आहे तसाच."

"काका, जुळणार नाही तो."

"जुळणार नाही, माहीत आहे मला. मी इन्स्पेक्टर होतो." ते डाळीच्या पातेल्याकडे बघत होते. "बाकीचे सगळे हिचे आहेत. त्या चिठ्ठ्यांवरचं माझं नाव काढ म्हणून सांगितलं त्या पॅमला. हा एक हिला बदलता आला नाही. एवढा एक तरी माझ्या मापाचा असू दे."

मी तो पुरा केला. या वेळी त्यांनी एकदाही भिंग आणलं नाही. काही संध्याकाळी ते समोर येऊन बसत, काही संध्याकाळी नाही. एका बाजूला पाकळ्या एकमेकींवर चढल्या, त्या मी चढू दिल्या. दुसऱ्या बाजूला बोटभर निळं उघडं राहिलं. मी ते कसंतरी झाकायचा प्रयत्न केला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी काकांनी टाय बांधला. लायब्ररीतल्या काचेच्या टेबलावर काकूंचे चेंडू मांडले होते, एकेका चिठ्ठीवर एकच नाव. बायका नव्या कपड्यांत उभ्या होत्या आणि काकांशी जरा जास्तच हळू बोलत होत्या. काकांनी कोटाच्या खिशातून निळा चेंडू काढला, मधल्या रिकाम्या जागी ठेवला आणि हळूहळू फिरवत ती उघडी बाजू समोर आणली, दारातून येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तीच दिसेल अशी.

पॅम पुढे झाली. तिच्याही लक्षात आलं नसावं, इतका सहज तिने हात घातला आणि चेंडू थोडासा वळवला, जुळलेली बाजू पुढे यावी म्हणून.

काकांनी तो पुन्हा होता तसा फिरवला.